डेटने लावलेली वेळ दुसऱ्या दिवशी का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात दूध संकलन केंद्र आहे. तिथे जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि विंडोज दोन्ही. दुधाच्या नोंदी उबुंटूवर होतात. करंट जाऊन आला की घड्याळ चुकतं. डेट कमांडने वेळ लावली की त्या दिवसापुरतं भागतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी कधी संध्याकाळी साडेसहानंतर घातलेलं दूध उद्याच्या तारखेला पडतं. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेही अधूनमधून. विचारणं असं की डेट वापरण्यात काही चुकतंय का?

डेट तिचं काम बरोबर करते आहे. मशीनमध्ये घड्याळं दोन आहेत आणि डेट त्यातल्या एकालाच हात लावते, अडचण ही आहे. शिवाय तुमच्या वर्णनात एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतात: मशीनच्या आतला संपलेला छोटा सेल आणि विंडोजशी झालेला घोळ. दोन्ही एकाच वेळी असल्यामुळे लक्षणं एकमेकांत मिसळली आहेत. म्हणून पुन्हा वेळ लावण्याआधी चूक नेमकी किती तासांची, किती मिनिटांची आहे ते लिहून ठेवा. निदान त्या आकड्यावरूनच होतं.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत (जिथे मोठं अक्षर सांगितलंय ते सोडून) टाका आणि आकडेही इंग्रजीच वापरा. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरी आकडे गेले तर डेट 'इनव्हॅलिड डेट' म्हणून परत फिरते. टाइमडेटसीटीएल हा सलग एकच शब्द आहे: टाइम, डेट आणि सी-टी-एल. एचडब्ल्यूक्लॉक म्हणजे एच, डब्ल्यू आणि त्याला जोडून क्लॉक.

पहिलं घड्याळ मदरबोर्डवरचं, त्याला आरटीसी म्हणतात. मशीन बंद असतानाही ते चालतं, करंट नसेल तेव्हा बोर्डावरच्या छोट्या सेलवर. दुसरं सिस्टिम क्लॉक. ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः मोजतो आणि ते फक्त मेमरीत असतं. मशीन चालू होताना कर्नल आरटीसीकडून वेळ उचलतो आणि पुढे आपली मोजणी चालू ठेवतो. डेट जी वेळ दाखवते आणि लावते, ती या दुसऱ्या घड्याळाची. मशीन बंद केलं की ते गेलं. उद्या सकाळी कर्नल पुन्हा आरटीसीलाच विचारणार, आणि त्याला तर कालची दुरुस्ती कुणी सांगितलेलीच नाही.

तिसरी गोष्ट टाइम झोन. सिस्टिम क्लॉक आतून फक्त सेकंद मोजतं, १ जानेवारी १९७० च्या युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे. 'सकाळचे साडेसहा' हे त्या सेकंदांना झोन लावून केलेलं वाचन आहे. झोन चुकीचा असेल तर घड्याळ बरोबर असूनही आकडा चुकीचा दिसतो. मग लोक आकडा जुळवायला घड्याळच बिघडवतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आतली साडेपाच तासांनी पुढे गेलेली असते. तीस सेकंदांवर चालणारे ओटीपी ॲप जुळेनासे होतात आणि इंटरनेट जोडलं की वेळ पुन्हा 'बिघडते'. ओळखायची खूण सोपी आहे. डेट -यू टाका. ती युटीसी वेळ दाखवते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर साडेपाच तास मागे असलीच पाहिजे. नसेल तर पडद्यावरचा आकडा कितीही बरोबर दिसो, घड्याळ चुकलेलं आहे.

सगळं एका जागी बघायचं तर टाइमडेटसीटीएल एवढंच टाका आणि एंटर दाबा. सात ओळी येतात: लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, आरटीसी टाइम, टाइम झोन, सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड, एनटीपी सर्व्हिस (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) आणि शेवटी आरटीसी इन लोकल टीझेड (टीझेड म्हणजे टाइम झोन). निरोगी मशीनवर दुसरी आणि तिसरी ओळ सारखी असते, झोन एशिया/कोलकाता असतो आणि शेवटच्या ओळीत 'नो' असतं. करंट जाऊन आल्यावर लगेच, काहीही न लावता, या सात ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

आता आकडे वाचू.

चूक अनेक वर्षांची असेल, म्हणजे तारीख थेट बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) मूळ वर्षावर गेली असेल, तर सेल संपला. पण उबुंटूवर हे लक्षण पुष्कळदा झाकलं जातं. टाइमसिंकडी नावाची सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर ठेवते आणि चालू होताना घड्याळ त्याहून मागे असेल तर तिथपर्यंत पुढे ओढते. त्यामुळे काल संध्याकाळी आठला बंद केलेलं मशीन आज सकाळी सहाला 'काल संध्याकाळचे आठ' दाखवत उठतं. वेळ रात्रभर गोठल्यासारखी वाटली तर सेलच बघा, सॉफ्टवेअर उकरत बसू नका.

चूक बरोबर साडेपाच तास पुढे असेल तर विंडोज. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ युटीसी समजून वाचतं आणि वर साडेपाच तास मिळवतं. संध्याकाळचे साडेसहा वाजले असताना उबुंटू रात्रीचे बारा दाखवतं, म्हणजेच पुढचा दिवस. साडेसहानंतरचं दूध उद्याच्या तारखेला का पडतं, त्याचं उत्तर हे. सव्वासहाला दूध घातलेल्याची नोंद पावणेबारा म्हणून आजच्याच तारखेत बसते आणि पंधरा मिनिटं उशिरा आलेल्याची उद्यात जाते, असं त्या सीमेवर घडतं. सकाळच्या पाळीत हाच दोष लक्षात येत नाही, कारण साडेसहाचे बारा झाले तरी तारीख बदलत नाही. नोंदीचं सॉफ्टवेअर वेळेवरून पाळी ठरवत असेल तर मात्र सकाळचं दूधही संध्याकाळच्या खात्यात जातं. रजिस्टर तपासताना तेही बघा.

साडेपाच तास मागे असेल तर झोन युटीसीवर राहिला आहे. अर्धा तास मागे असेल तर यादीतून कराची निवडलं गेलंय, अर्धा तास पुढे असेल तर ढाका, पाव तास पुढे असेल तर काठमांडू. यादीत बेळगाव नाही, बेंगळुरू नाही, मुंबईही नाही. सगळ्या भारताला एकच नाव, एशिया/कोलकाता. जुन्या मशीनवर तेच कलकत्ता या स्पेलिंगने दिसतं, दोन्ही एकच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशावर, म्हणजे आठ अंश पश्चिमेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला सरासरी साडेबारा वाजून जातात. सावली बघून वेळ सांगणारी जुनी माणसं आणि घड्याळ यांच्यात पडणारा अर्ध्या तासाचा फरक हा आहे. त्यासाठी मशीनचा झोन बदलू नका.

चूक एक-दोन मिनिटांची, आणि महिन्याकाठी वाढत जाणारी असेल तर तो बिघाड नाही. आरटीसीतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दशलक्षात वीस भागांचा फरक असणं अगदी सामान्य आहे, आणि तेवढ्याने दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त फरक पडतो. हा स्फटिक पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. त्याहून जास्त उष्णता असो की थंडी, दोन्हीकडे तो मागेच पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, दूध शीतकरणाच्या मोटरशेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये आत पंचेचाळीस अंश झाले तर त्याच कारणाने दिवसाला आणखी सेकंदभर जातो.

दुरुस्तीचा क्रम पाळा. आधी सेल, मग झोन, मग आरटीसी, मग विंडोज, आणि शेवटी इंटरनेटवरून वेळ जुळवणं. उलट केलंत तर प्रत्येक पायरी आधीची पुसते.

सेलचा नंबर सीआर २०३२: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. सेल खराब असूनही वर्षभर कळत नाही याचं कारण असं की प्लग जोडलेला आणि बोर्डावरचं बटण चालू असेल तोवर मशीन बंद असतानाही आरटीसीला वीज मेनमधूनच मिळते. सेलची परीक्षा होते ती करंट गेल्यावर. म्हणून जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वीज वारंवार जायला लागली की हा दोष वर येतो आणि लोकांना वाटतं पावसाने मशीन बिघडलं. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल, आणि ओल्या भिंतींच्या खोलीत ती योग्यच आहे, तर सेल लवकर संपणार हे धरून चाला. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपतास. आरटीसी पाच मायक्रोअँप घेतं असं धरलं तर सलग ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. तुमचं मशीन त्याहून जुनं असेल आणि सेल मूळचाच असेल तर मल्टिमीटर न लावताही बदलून टाका.

बदलताना मशीन बंद, प्लग बाहेर, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरते. सेलच्या कडेची छोटी पत्र्याची क्लिप नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उचलला जातो. स्क्रूड्रायव्हरने खालून उचकटू नका, खालचा संपर्काचा पत्रा वाकतो आणि नवा सेलही टेकत नाही. जुना सेल मल्टिमीटरवर बघायचा तर नवा तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो आणि अडीचच्या आसपास आलेला संपलेला समजा. अधिकची बाजू वर. बसवल्यावर बायोसमध्ये जा, कारण सेल काढल्यावर बऱ्याच मशीनच्या सेटिंग मूळपदावर जातात. बूट होण्याचा क्रम आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) बघून घ्या, नाहीतर घड्याळ दुरुस्त व्हायचं आणि उबुंटूच उघडायचं नाही. बायोसमध्ये वेळ लावताना आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. दुपारचे अडीच वाजले असतील तर नऊ लावायचे.

झोनसाठी पुढची कमांड. सुडो म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं. यात एशियाचा ए आणि कोलकाताचा के मोठा हवा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

त्यानंतर क्रॉनची (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी) सेवा रीस्टार्ट करा. ती बहुतेक वेळा चालू होतानाचाच झोन धरून बसते आणि रात्रीचा बॅकअप जुन्याच वेळेला निघतो.

आता हाताने वेळ लावणं. डेटचा जुना, थेट प्रकार असा:

सुडो डेट ०७०८१४३०२०२५

यात आधी महिना, मग दिवस, तास, मिनिट आणि शेवटी वर्ष. म्हणजे ८ जुलै २०२५, दुपारी अडीच. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर ७ ऑगस्ट लागतो, तोही बिनतक्रार. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर कमांड नाकारली जाते, म्हणून ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच होते आणि पंधरवड्याच्या बिलापर्यंत कळत नाही. त्यापेक्षा नेहमी वर्ष आधी असलेला प्रकार वापरा, त्यात गोंधळाला जागा नाही:

सुडो डेट -एस "२०२५-०७-०८ १४:३०:००"

तिरक्या रेघांनी ०८/०७/२०२५ लिहू नका, तेही महिना-दिवस असंच वाचलं जातं. सुडो विसरलात तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं, पण त्याच्या खालच्या ओळीत डेट तुम्ही मागितलेली वेळ छापते. घाईत नजर त्या दुसऱ्या ओळीवर जाते आणि वेळ लागली असं वाटतं. म्हणून लावल्यावर नुसतं डेट टाकून पुन्हा बघा. सेकंदाचीही अचूकता हवी असेल तर पुढच्या मिनिटाची वेळ आधीच टाईप करून ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळात ते मिनिट सुरू होताच एंटर दाबा. मोबाइलची वेळ आपोआप जुळण्यावर ठेवलेली आहे एवढं पाहून घ्या.

आणि मग तुमच्याकडून राहून जात असलेली पायरी:

सुडो एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू

ही सिस्टिम क्लॉकची वेळ आरटीसीत लिहिते. उलट दिशेला, म्हणजे आरटीसीकडून सिस्टिमकडे आणायची तर -एस, आणि आरटीसी नुसतं वाचायचं तर -आर. -डब्ल्यू आणि -एस यांची अदलाबदल झाली तर चुकीची वेळ बरोबर वेळेवर चढते, म्हणून आधी -आर टाकून बघायची सवय लावा. नव्या डेबियन आणि उबुंटूमध्ये ही कमांड सापडली नाही तर युटिल-लिनक्स-एक्स्ट्रा हे पॅकेज घाला. टाइमडेटसीटीएल सेट-टाइम वापरलं तर आरटीसी त्याच वेळी लिहिलं जातं, वेगळी पायरी लागत नाही. पण एनटीपी चालू असताना ती कमांड वेळ लावायला नकार देते. आधी सेट-एनटीपी फॉल्स करायचं, वेळ लावायची, मग पुन्हा ट्रू.

विंडोजसाठी दोन वाटा आहेत. चांगली वाट म्हणजे विंडोजलाच युटीसी शिकवणं: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या ठिकाणी रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड प्रकारची (आकड्याची) नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. दुसरी वाट म्हणजे टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १, ज्याने लिनक्स आरटीसीला स्थानिक वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल स्वतःच त्यावर इशारा देतं. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तो इशारा फार खरा आहे. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, झोन एकच आहे. त्यामुळे विंडोज दुसराच कुणी सांभाळत असेल आणि दर फॉरमॅटनंतर ती नोंद पुसली जाणार असेल, तर दुसरी वाट घेतली तरी चालेल. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर साडेपाच तासांची चूक आता विंडोजमध्ये दिसू लागेल. केंद्रात विंडोज कुणी उघडतच नसेल तर ते काढून टाकणं सगळ्यात बरं.

शेवटी सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू. इटीसी खालच्या सिस्टिमडी फोल्डरात टाइमसिंकडी डॉट कॉन्फ ही फाइल आहे. तिच्यातल्या एनटीपी या ओळीत समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन लिहा. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. एनआयसीच्या किंवा त्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी वेळ जुळवावी असा सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा निर्देशही आहे. एनटीपी युडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, चालतं. कार्यालयाच्या नेटवर 'सिंक्रोनाइज्ड नो' राहिलं आणि हॉटस्पॉटवर 'येस' झालं तर तो पोर्ट अडवलेला आहे. वेळ जुळलेली असेपर्यंत कर्नल साधारण दर अकरा मिनिटांनी आरटीसीतही ती लिहीत राहतो. म्हणजे सकाळी पंधरा-वीस मिनिटं हॉटस्पॉट जोडून ठेवला तरी दोन्ही घड्याळं ताळ्यावर येतात.

तुमच्यासारखं तुटक इंटरनेट असेल तर मात्र टाइमसिंकडीपेक्षा क्रोनी हा वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्राम बसवणं चांगलं. अशा जोडणीत ते घड्याळाचा मूळ वेग शिकून घेतं आणि नेट नसतानाही दुरुस्ती चालू ठेवतं. क्रोनीसी सोर्सेस टाकल्यावर एखाद्या ओळीपुढे तारा दिसला की जुळणी झाली.

इथे एक काळजी घ्या. घड्याळ पुढे नेणं सोपं, मागे आणणं धोक्याचं. साडेपाच तास मागे आणलंत की तेच तास मशीनच्या दृष्टीने दुसऱ्यांदा येतात. पावती क्रमांक पुढे आणि वेळ मागे अशा नोंदी होतात, आणि वेळेवर रचलेल्या डेटाबेसमध्ये नवी नोंद जुन्याच्या आधी जाऊन बसते. म्हणून दोन पाळ्यांच्या मधे, दुपारी, नोंदीचं सॉफ्टवेअर बंद करून, बॅकअप घेऊन वेळ लावा आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. चूक थोडी असेल तर उडी न मारता हळूहळू सरकवता येते. पण कर्नलची नेहमीची सरकण्याची गती दशलक्षात पाचशे भाग, म्हणजे एक सेकंद भरून काढायला २,००० सेकंद. पाच मिनिटांच्या चुकीला जवळजवळ सात दिवस लागतील. क्रोनी मूळ सेटिंगवर तीच चूक तासाभरात सरकवू शकतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेट वापरत असाल तर पाच ठिकाणं तपासा. % नंतरचा मोठा एम मिनिटाचा आणि छोटा एम महिन्याचा, यांची अदलाबदल झाली की फाइलचं नाव चुकतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, % हे चिन्ह नवी ओळ समजलं जातं, त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि क्रॉनमधली चालत नाही, याचं हे नेहमीचं कारण. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ०८, ०९ हे आकडे बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) अष्टमान पद्धतीतले, म्हणजे जिथे ८ आणि ९ नसतातच, समजतं आणि हिशेब अडतो. टक्क्यानंतर आडवी रेघ देऊन छोटा एम लिहा, म्हणजे पुढचं शून्य निघून जातं. आणि ३१ मार्चला 'एक महिना मागे' मागितलं तर डेट ३१ फेब्रुवारी काढते, तो दिवस नसल्यामुळे ३ मार्चवर येते. मागच्या महिन्याचं बिल काढायचं तर चालू महिन्याच्या १५ तारखेपासून एक महिना मागे जा. मशीनची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवली असेल तर डेट महिन्यांची नावं त्या भाषेत देते. वाचायला छान, पण स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एलसी_ऑल=सी ठेवा (सगळी मोठी अक्षरं, मधे अंडरस्कोर), म्हणजे नावं इंग्रजीत येतात.

सगळं झाल्यावर मशीन बंद करून भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवा. सकाळी हॉटस्पॉट न जोडता आधी बायोस उघडून वेळ बघा. ती भिंतीवरच्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे (विंडोजची दुसरी वाट घेतली असेल तर घड्याळाएवढीच) असली की सेल आणि आरटीसी दोन्ही ठीक. मग उबुंटू उघडून डेट, एकदा विंडोज, आणि पुन्हा उबुंटूत डेट. तिन्ही वेळा मोबाइलशी दोन-चार सेकंदांपलीकडे फरक नसेल तर त्या संध्याकाळपासून साडेसहानंतरचं दूध त्याच दिवसाच्या तारखेला पडेल. आधी चुकीच्या तारखेला पडलेल्या नोंदी पंधरवड्याचं बिल निघण्यापूर्वी पावत्यांशी ताडून हाताने दुरुस्त कराव्या लागतील. घड्याळ बरोबर केल्याने त्या सुधारत नाहीत.